गाडी हातात ऱ्हात नाय

सकाळचे साडेसात वाजलेत, हातखंब्याजवळ हायवेला लागून पत्र्याचं एक गॅरेज आहे आणि दारात हा सहाचाकी ट्रक उभा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बर्फात मासळी भरायची, रातोरात आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि परत फिरायचं, हे याचं रोजचं काम. मागच्या फाळक्यातून अजून खारं पाणी ठिबकतंय. ड्रायव्हर मामा सांगतात, "पन्नासच्या वर काटा गेला नि खड्डा लागला की स्टेअरिंग हाणायला लागतं, गाडी हातात ऱ्हात नाय, पार पंचवीस-तीसवर आणेपर्यंत थांबत नाय."

मामांनी खर्च करायचा बाकी ठेवलेला नाही. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले, बॅलन्सिंग दोनदा केलं, चाकाची एक डिस्क, म्हणजे लोखंडी रिम, बदलली, दोन दिवस बरं वाटलं आणि परत तेच. हे मी घरात बघितलंय. माझे बाबा पण मासळीचीच गाडी चालवायचे, सकाळी घरी आले की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे कारण मनगटं थरथरत असायची, आणि आम्हाला वाटायचं की ड्रायव्हरकीत असं होणारच. तसं नसतं. गाडी काहीतरी सांगत असते, आणि ते ऐकायला मिस्त्रीचा हात लागतो.

आता बघा, मिस्त्रींनी अजून पाना उचललेला नाही. ते टायरवर नुसता तळहात फिरवतायत, बाहेरून आत गुळगुळीत लागतं आणि आतून बाहेर फिरवलं की करवतीच्या दातासारखं हाताला अडकतं, म्हणजे टायर सरळ न चालता थोडा घासत चालतोय. बॅलन्सिंगचा दोष असता तर थरथर ठराविक स्पीडला आली असती आणि स्पीड बदलल्यावर गेली असती. इथे खड्ड्याने सुरू होते आणि गाडी पार हळू होईपर्यंत जात नाही, म्हणजे कुठल्यातरी सांध्यात प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. एक चाक डुगडुगलं की टायरॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा दांडा, ते डुगडुगणं दुसऱ्या चाकाला देतो, दुसरं पहिल्याला परत देतं आणि सगळा धक्का ड्रायव्हरच्या हातात येतो.

"बाबू, वर बस, स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, बास, एवढंच." चाकं जमिनीवरच आहेत, मिस्त्री खाली झोपलेत, एकेका सांध्यावर हात ठेवून. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, ठीक. डाव्या टायरॉड एंडवर, म्हणजे टायरॉडच्या टोकाच्या सांध्यावर, हात गेला आणि थांबला. डोळ्याला काही दिसत नाही, पण बोटांना आतली गोळी कट कट हललेली कळते.

मग जॅक लावून एक्सल घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतला, टायरखाली टॉमी, म्हणजे पहार, घालून उचलला, वरून-खालून चाक हललं. "ब्रेक दाब रे." या एका ब्रेकमध्ये अर्धं निदान आहे. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, बेअरिंग, नाही झालं तर किंगपिन. नाही झालं.

किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती. तिच्या बुशला, म्हणजे पिनभोवतीच्या धातूच्या नळीला, ग्रीस मिळत राहिलं तर ती वर्षानुवर्षं चालते. पण आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, वर जांभ्याचा लाल चिखल आणि या गाडीला तर बाराही महिने मिठाचं पाणी, ग्रीस धुऊन जातं, ग्रीस भरायचा निपल गंजून बंद होतो आणि बाहेरून ग्रीसगन मारली तरी आत काही पोचत नाही. ही पिन निघायला सकाळ गेली, गॅसने तापवून, घणाने ठोकून. हातात घेऊन बघा, या जागी नख फिरवलं की अडकतं, एवढीच झीज आहे, आणि एवढ्यासाठी दोन टायर फुकट गेले.

नवं बुश ठोकून बसवलं आणि मग रीमर, म्हणजे आतलं भोक घासून मापात आणायचं हत्यार, इथे मिस्त्री अजिबात घाई करत नाहीत. थोडं फिरवायचं, पिन घालून बघायची, परत थोडं. हाताने दाबल्यावर सरकली पाहिजे पण डुगडुगता कामा नये. मामांनी विचारलं, डावीकडचीच टाकली तर? मिस्त्री नाही म्हणाले, आणि मला ते शंभर टक्के पटतं, कारण एक बाजू घट्ट आणि एक ढिली ठेवली तर नव्या पार्टला जुन्याचा मार बसत राहतो.

कमानीकडे, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगकडे, पण बघून घेतलं. कमानीचं टोक ज्यावर टांगलेलं असतं त्या शॅकलचं बुश अंडाकृती झालेलं, एका शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतं, ते सगळं बदललं, कमान एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे टाकले. जुना टायरॉड एंड सोडताना मिस्त्रींनी किती आटे फिरले ते मोजून खडूने एक्सलवर लिहिलं, नवा तेवढ्याच आट्यांवर बसवला. तरी अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावणं, करावीच लागते, मोजलेले आटे गाडी तिथपर्यंत नेण्यापुरते.

चार वाजता ट्रायल. मामा पालीकडे निघालेत, मी शेजारी बसलोय. चाळीस, पन्नास, पंचावन्न, पुढे खड्डा दिसतोय आणि मामांनी सवयीने स्टेअरिंग आवळून धरलंय. खड्डा गेला. गाडी एकदा हलली आणि सरळ झाली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग एक हात सोडला, मांडीवर ठेवला.

आज रात्री परत बर्फ भरायचाय. दोन फेऱ्या झाल्या की गाडी इथेच येईल, यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला.