भैया चौकाचा पूल

पहाट सरतेय. हुतात्मा एक्सप्रेस पुण्याकडे निघाली, की सोलापुरातल्या भैया चौकाच्या रेल्वे पुलावर उभ्या माणसाच्या तळपायांना ते आधी कळतं, कानांना नंतर.

हे चित्रण पूल उभा असतानाचं, पाडण्याआधीचं. 1922 सालचा हा पूल. देखणा म्हणावा असा नाही. मुद्दाम बघायला कुणी येत नाही, ओलांडतात मात्र सगळे.

सोलापुरात रेल्वे आली 1860 साली. गंमत अशी, की तेव्हा बोरघाटातला लोहमार्ग तयारच नव्हता. मुंबईहून निघालेला प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायचा. सलग गाडी धावली 1863 पासून. मग 1877 ला इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. भोंगे वाढले, चाळी वाढल्या. रुळांच्या दोन्ही अंगांना माणसं राहू लागली, आणि अलीकडच्यांना रोज पलीकडे काम निघू लागलं.

माझे आजोबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर होते. ते सांगायचे, पांढरं धोतर नेसून लग्नाला निघालेला माणूस पुलाच्या अलीकडेच थांबायचा. इंजिन खालून जाऊ द्यायचं, धूर विरू द्यायचा, मग चालायला लागायचं. घाई करणारा मांडवात ठिपकेदार होऊन पोचायचा.

आता जरा पुलाच्या पोटाकडे बघा. हा काळा थर त्याच काजळीचा. बोट फिरवून पाहावंसं वाटतं, पण खालून 25 हजार व्होल्टची तार गेलीय. 2023 पासून वंदे भारतही याच पोटाखालून जाते.

जड वाहनं पुलाला झेपेनात, म्हणून ती बंद केली. सायकलवाल्यांना काही फरक पडला नाही. चढ आला की उतरायचं, हँडल धरून ढकलायचं. हा बघा एक, कॅरिअरवर चादरींचा गठ्ठा. कॅमेरा दिसला तसा थांबला.

“शूटिंग कशाचं ओ?”

“पुलाचं.”

त्याने कठड्यावरून वाकून दोन्हीकडे पाहिलं.

“मग थांबा की जरा. सिद्धेश्वर एक्सप्रेस यायचीय अजून.”