तातामीवर खुर्ची ठेवायची कशी?

मंडळी, तोक्योतल्या ओतेमाची भागात, बँका आणि कचेऱ्यांच्या दाटीत, 2016 साली ‘होशिनोया तोक्यो’ हे हॉटेल सुरू झालं. जमिनीवर 17 मजले, खोल्या 84. एका मजल्यावर फक्त 6 खोल्या आणि त्या सहांना मिळून एक बैठकीची खोली, ‘ओचानोमा’. म्हणजे जुन्या रियोकानचे, जपानी अतिथिगृहाचे, 14 तुकडे एकावर एक रचलेत. गरम झऱ्याचं पाणी 1500 मीटर खोलवरून वर आणून ते सतराव्या मजल्यावरच्या स्नानगृहात सोडलंय. पण आज मला पाण्यापेक्षा चपलांबद्दल बोलायचं आहे.

इथे पादत्राणं तळमजल्याच्या दारातच उतरतात. त्यानंतर वाटेत तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जाड जपानी चटया, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. हा निर्णय भावनिक वाटतो, प्रत्यक्षात तो बांधकामाचा आहे. चपला कुठे काढायच्या ती रेघ एकदा ठरली की फरशीची पातळी, खिडकीची उंची, फर्निचरचे पाय, सगळं तिच्यामागून येतं. जपानी घाट आणि आजची सोय यांचा मेळ जिथे बसतो तिथे सोय कशाच्या तरी जाडीत लपवलेली असते. जिथे ती शेजारी आणून ठेवतात तिथे खोली दुकानातल्या नमुन्यासारखी दिसते.

जाडी म्हणजे काय ते तातामीवरूनच पाहू. तिचे भाग तीन. आत ‘तोको’, म्हणजे दाबलेला भाताचा पेंढा. सुमारे 40 सेंमी थर दाबून 5 सेंमी केलेला. वर ‘ओमोते’, इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतीची विणलेली चटई. जपानात पिकणारा बहुतेक इगुसा कुमामोतो प्रांतातल्या यात्सुशिरोच्या आसपासचा. आणि लांब बाजूंना ‘हेरी’, कापडी काठ. एकूण जाडी 55 ते 60 मिमी.

आता पाहुण्याला थंडीत पाय गरम हवेत, म्हणून मालक जमिनीखालून गरम करणाऱ्या नळ्या टाकतो. वर पेंढ्याची जाड तातामी. पेंढा उष्णता अडवतो, त्यामुळे खालचं पाणी तापतं आणि वर माणूस कुडकुडतो. शिवाय इगुसा सुकून तुटायला लागतो. म्हणून अशा ठिकाणी लाकडी तंतूंच्या फळीची सुमारे 15 मिमीची पातळ तातामी वापरतात, पुष्कळदा वर पिळलेल्या कागदी धाग्यांचं विणकाम. ती लवकर पिवळी पडत नाही, बुरशीही कमी धरते. पण नव्या इगुसाचा तो हिरवा वास तिला नाही. पायाखालचा लवचीकपणाही जातो. माझ्या मते निजायच्या खोलीत जाड तातामी आणि वाटेत पातळ, एवढी तडजोड पुरे.

मात्र हे स्लॅब ओतायच्या आधी ठरलं पाहिजे. 60 मिमीची तातामी बाजूच्या लाकडी जमिनीशी सपाट हवी असेल तर तिथे तेवढा खड्डा आधीच सोडावा लागतो. विसरलात तर दारात बोटभर उंचीची पायरी उरते आणि रात्री न्हाणीघराकडे निघालेल्या पाहुण्याची ठेच ठरलेली.

मापातही गंमत आहे. क्योतोची तातामी 191 × 95.5 सेंमी, तोक्योकडची 176 × 88. दोन्हीकडे ‘आठ तातामींची खोली’ म्हणतात, पण एक साधारण 14.6 चौरस मीटर भरते, दुसरी 12.4. क्योतोत आधी तातामी मांडून मग खांब ठरत. एदोकडे, म्हणजे जुन्या तोक्योकडे, खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत, त्यामुळे खांबाची जाडी तातामीतून वजा व्हायची. जुनं घर हॉटेलसाठी घेतलं की खोली काटकोनात नसतेच. कारागीर खोली मोजून प्रत्येक तातामी तिच्या जागेपुरती कापतो. साफसफाईला उचलताना मागे खूण केली नाही, तर परत बसवताना काठाशी फट पडते.

सर्वांत जास्त नुकसान करतात बॅगांची चाकं. ती विणीत अडकून धागे तोडतात, म्हणून दाराशी ‘इतानोमा’, म्हणजे फळ्यांची पट्टी, हवी. खुर्चीचे टोकदार पाय रुततात. त्यावर उपाय म्हणजे पायांना खालून आडव्या पट्ट्या. जपानी फर्निचर-रचनाकार दाइसाकु चो यांची 1960 ची बुटकी खुर्ची तशीच आहे, बैठक जेमतेम 29 सेंमी. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी ‘होरिगोतात्सू’: मेजाखाली पाय सोडायला खड्डा. वरच्या मजल्यावर स्लॅब खोदता येत नाही, तिथे सगळी बैठकच चौथऱ्यावर उचलायची. मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर खुर्चीवरच्यापेक्षा हातभर खाली असते. खिडकीची कड कमरेइतकी ठेवली तर बाहेरची बाग त्याला दिसणारच नाही, फक्त आभाळ.

बुरशीबद्दल थोडं. नवी तातामी पहिल्या पावसाळ्यात ती सहज धरते, विशेषतः गादी दिवसभर पसरून ठेवली तर. ओल्या फडक्याने पुसलं की बुरशी आत जाते. खोली कोरडी करा, विणीच्या दिशेने ब्रशने काढा, मग अल्कोहोल.

शोजीचा, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या लाकडी जाळीच्या सरकत्या चौकटीचा, कागद तसा सोपा. खळ लावून तो चिकटवतात. अरुंद पट्ट्या असतील तर खालून वर, म्हणजे वरची पट्टी खालच्यावर येते आणि जोडावर धूळ साचत नाही. वाळल्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की ताणून बसतो. त्रास वेगळाच: पहाटेचा उजेड. काळोखाची सवय असलेल्या पाहुण्यासाठी गुंडाळता पडदा शोजीच्या मागे, वरच्या पट्टीत दडवतात.

फुसुमा, म्हणजे सरकते कागदी पडदे, आवाज अडवत नाहीत. दोन पाहुण्यांच्या मध्ये खरी भिंतच हवी, फुसुमा फक्त तिचा चेहरा. जुन्या घरात ते अडकू लागले तर रंधा मारायची घाई नको. पडदा ज्यात सरकतो त्या वरच्या आडव्या लाकडाची, ‘कामोइ’ची, खाच सुमारे 15 मिमी आणि खालच्या, ‘शिकिइ’ची, 3 मिमीच असते, म्हणून पडदा वर उचलून खालून बाहेर काढता येतो. तो उचलता येईनासा झाला तर बहुधा वरची तुळई खचून कामोइवर भार आलाय. आधी तुळई पाहा, पडद्याला नंतर हात लावा.