जुन्या नांगराचे मोल ठरवताना रंगाचा डबा दूर ठेवा

नमस्कार. "आजोबांचा नांगर गोठ्यात पडून आहे, त्याचे किती येतील?" हा प्रश्न सतत येत असल्यामुळे आज बैलांच्या जुन्या अवजारांच्या किमतीविषयी बोलतो. लोखंडाचे वजन गुणिले भंगाराचा दर हा झाला तळाचा भाव. त्याच्यावर काय मिळेल, ते अवजार पूर्ण आहे का आणि घेणारा शेतकरी आहे की संग्राहक, यावर ठरते. फाळ, म्हणजे नांगराचे जमिनीत घुसणारे लोखंडी टोक, हा झिजणाराच भाग असल्यामुळे तो बदललेला असला तरी बिघडत नाही. तिफणीचे, म्हणजे पेरणीच्या अवजाराचे, मूळ चाडे (बी सोडायचे वाडग्यासारखे तोंड) हरवले असेल, तर मात्र संग्राहक हात आखडता घेतो.

आता कळीचा मुद्दा. विकायच्या आधी अवजार ग्राइंडरने घासून त्याला ऑइलपेंट फासू नका. ओतीव लोखंडावरची अक्षरे आणि क्रमांक हा त्याचा जन्मदाखला असतो आणि तो घासण्यात पुसट होतो. एका प्रेक्षकाने "शिवकालीन नांगर" म्हणून पाठवलेल्या छायाचित्रात "किर्लोस्करवाडी" ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना वसवला तो 1910 मध्ये, त्यामुळे तो नांगर त्याआधीचा असूच शकत नाही; पण हे सांगता आले ते अक्षरे शाबूत होती म्हणूनच.

शिवाय, ताजा रंग पाहिला की जाणकाराला पहिली शंका येते ती रंगाखालच्या तड्याची किंवा वेल्डिंगची, आणि त्या शंकेचे पैसे तो तुमच्याच किमतीतून कापतो. लाकडाचेही तेच आहे. रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या हातात धरायच्या दांड्यावर, मुठीच्या जागी वर्षानुवर्षांच्या घामाने आलेली काळसर तुकतुकी कोणताही पॉलिश देऊ शकत नाही, तरीही ती सँडपेपरने काढून वर व्हार्निश लावणारे लोक मला दर महिन्याला अभिमानाने छायाचित्रे पाठवतात! माती कोरड्या, मऊ ब्रशने झटका आणि तिथेच थांबा.

जाहिरातीत कोणी लाखभर रुपये मागितले म्हणजे तो भाव झाला, असेही समजू नका. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते आठवडी बाजारात आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे विचारा.

परदेशातून विचारणाऱ्यांसाठी एवढेच, की शंभर वर्षांपूर्वीची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून सौदा करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.