अंडी सांभाळणारी व्हिनेगरून

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या प्रदेशात आणि मेक्सिकोत आढळणारी महाकाय व्हिनेगरून (कोळी आणि विंचू यांच्या वर्गातला आठ पायांचा जीव) विंचवासारखी दिसत असली, तरी तिला नांगी नाही आणि विषही नाही. शेपटीच्या जागी बारीक चाबूक असतो आणि त्याच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून ती आम्लाचा फवारा मारते. कीटकशास्त्रज्ञ थॉमस आइसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या फवाऱ्यात ८४ टक्के ॲसिटिक आम्ल आणि ५ टक्के कॅप्रिलिक आम्ल आढळले होते. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्लाचे प्रमाण साधारण पाच टक्केच असते. म्हणूनच ती घरी पाळली असेल, तर तिच्या काचेच्या टाकीत वाकून पाहताना डोळे जपावेत.

मादीचे मीलन झाल्यानंतर अंडी बाहेर येईपर्यंत काही महिने जाऊ शकतात, आणि पाळणाऱ्याचे खरे काम याच काळात असते. तिला रातकिडे आणि झुरळे पोटभर मिळायला हवीत, कारण एकदा बिळाचे तोंड आतून बंद केले की ती पिल्ले पाठीवरून उतरेपर्यंत काहीही खात नाही. वाळू, चिकणमाती आणि थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचा चांगला खोल थर आधीच दाबून बसवावा, म्हणजे तिने खणलेली खोली ढासळत नाही. नुसत्या कोकोपीटवर भागवणे सोयीचे वाटते, परंतु त्यात बिळाची भिंत उभी राहत नाही.

बीळ टाकीच्या काचेला लागून असेल, तरच आतले दृश्य दिसते. मादीच्या पोटाखाली पातळ पापुद्र्याची, द्रवाने भरलेली पिशवी लोंबत असते आणि तिच्यात साधारण तीस-चाळीस फिकट अंडी असतात. पिशवी मातीला टेकू नये म्हणून मादी पोट वर उचलून धरते आणि आठवडेच्या आठवडे त्याच स्थितीत राहते. हे पाहण्यासाठी प्रखर दिवा लावू नये. लाल उजेड पुरतो.

या काळात बीळ उकरून पाहण्याचा मोह आवरणे, हीच सर्वांत अवघड देखभाल म्हणावी लागेल. त्रास झाल्यास मादी पिशवी टाकून देऊ शकते किंवा अंडी खाऊनही टाकू शकते. टाकीत उरलेले जिवंत रातकिडे काढून घ्यावेत. माती खालच्या थरापर्यंत ओलसर राहावी, म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यात सावकाश पाणी सोडावे. वरून फवारणी केल्याने पृष्ठभाग भिजतो, तळ मात्र कोरडाच राहतो. पाणी फार झाले आणि हवा खेळती नसली, तर बुरशी धरते.

अंड्यांतून बाहेर पडलेली पांढरी पिल्ले आईच्या पाठीवर चढतात आणि पायांच्या टोकांशी असलेल्या चिकट गाद्यांनी तिला धरून राहतात. पोटात शिल्लक असलेल्या बलकावर त्यांचे भागते. पहिली कात टाकल्यावर ती मोठ्यांसारखी दिसू लागतात आणि खाली उतरतात. त्यानंतर त्यांना वेगवेगळ्या लहान डब्यांत हलवावे, कारण एकत्र ठेवल्यास ती एकमेकांना खातात. प्रत्येक डब्यात बीळ खणता येईल एवढी ओलसर माती आणि अगदी बारीक रातकिडे द्यावेत. मादीपुढेही खाद्य आणि पाणी ठेवावे, मात्र इतक्या दीर्घ उपासानंतर पुष्कळ माद्या दगावतात. पिल्लांना पूर्ण वाढायला सुमारे तीन वर्षे लागतात.