काचेबाहेरची माणसं

[दृश्य: पुणे, स्वारगेटचा जेधे चौक. संध्याकाळी ऑफिसं सुटण्याची वेळ.]

सिग्नल लागला. बस थांबल्या, मोटारी थांबल्या. दुचाक्या मात्र अजून सरकताहेत. रिक्षाच्या फटीतून, फुटपाथच्या कडेकडेने, पार झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकेपर्यंत. बघणाऱ्याला ही घाई वाटते, आणि बऱ्याचदा ती असतेही. पण त्यात भीतीही असते. मागून येणाऱ्याचा ब्रेक लागला नाही तर मधे सापडायचं नसतं.

ही भीती उगाच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला लांब उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. त्या पट्ट्यात वाहतूक तुंबली की दुचाकीवाल्याचं लक्ष समोर कमी आणि आरशात जास्त असतं.

पुढे जाऊन उभं राहिलं तरी सुटका नाही.

[दृश्य: डंपरच्या केबिनमधून समोरचा रस्ता.]

ड्रायव्हरच्या जागेवरून बघा. तो उंचावर आणि उजवीकडे बसलेला. केबिनच्या अगदी पुढ्यात उभी असलेली स्कूटर त्याला दिसत नाही. डाव्या चाकाशी टेकलेली तर नाहीच नाही. सिग्नल सुटतो, डंपर डावीकडे वळतो, पुढचं चाक निघून जातं आणि मागचं आतल्या बाजूला येतं. तिथे एका पायावर तोल सावरत कोणीतरी उभं असतं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती.

[दृश्य: स्कार्फने चेहरा गुंडाळलेल्या मुली, सिग्नलला.]

मोटारीतल्या माणसाला नको असेल तेव्हा काच वर करता येते. दुचाकीवर ती सोय नाही. शेजारचा टक लावून बघतो, मुद्दाम गाडी जवळ आणतो, काहीतरी बोलतो. सिग्नल सुटेपर्यंत मुलीला तिथेच उभं राहावं लागतं. पुण्यातल्या मुलींचा हा स्कार्फ धुळीसाठी आहे, उन्हासाठी आहे आणि अशा नजरांसाठीही आहे. मागे बसलेल्या बाईचा हात गर्दीत आपसूक मंगळसूत्राकडे जातो. पर्स खांद्याला न लटकवता दोघींच्या मधे ठेवायची, हे आता कोणी कोणाला शिकवावं लागत नाही.

तरीही, काच नसल्यामुळेच आणखी एक गोष्ट घडते आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते.

“ओ दादा, स्टँड!”

“ताई, ओढणी बघा, चाकात जाईल!”

सांगणारा कोण, कुठला, ठाऊक नसतं. हेल्मेटमुळे तोंडही धड दिसत नाही. पण खाली राहिलेला साइड स्टँड वळणावर रस्त्याला टेकला की गाडी उलटते, आणि ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं कव्हर हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, तो कपडे अडकू नयेत म्हणूनच. तरी लांब ओढणीला ते पुरत नाही. तिथे मागून येणाऱ्याची हाकच कामी येते.

पूर्वी दिवसा दिवा चालू दिसला की समोरून येणारा मुठीची उघडमीट करून सांगायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागतो. तरी काही काका अजून मूठ उघडमीट करतात. करू देत. त्यांचं आपल्याकडे लक्ष आहे, एवढं तरी कळतं.

[दृश्य: रस्त्यात आडवी पडलेली स्कूटर. माणसं धावतात.]

दुचाकी पडली की बहुतेक वेळा आधी पोहोचतो तो दुसरा दुचाकीवालाच. कोणी गाडी उचलतो, कोणी वाहतूक अडवतो. दवाखान्यात न्यायची वेळ आली की मात्र काही पावलं मागे होतात. पोलीस, जबाब, कोर्ट यांची धास्ती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ याचसाठी आहे. जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही. त्याला नाव, पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं.

हे हक्क रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराशी किंवा सहज दिसेल अशा जागी, स्थानिक भाषेतही, लावलेले असले पाहिजेत, असा नियम आहे. तुमच्या जवळच्या रुग्णालयात तो फलक आहे का, बघा. नसेल तर विचारा.