उद्या पहिला डोस

(दृश्य : मेडिकलचा काउंटर. कागदी पिशवीतून डोकावणारी एक निळी डबी.)

बार्शीच्या मेडिकलमधून आत्याने गोळ्यांबरोबर एक थर्मामीटर घेतला. बटण दाबलं की आकडे दाखवणारा. पैसे देताना ती पुटपुटली, "कशाला गं ह्यो? हाताला कळतंय की ताप आल्याला." आणि सवयीने तिचा तळहात माझ्या कपाळावर आला.

याच हातावर आमच्या घराने एकदा भरवसा ठेवला होता. माझ्या वडिलांना, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाला, कॅन्सरवरची केमो चालू होती. पहिल्या डोसानंतर दहाव्या रात्री त्यांचं अंग तापलं. आम्ही कपाळाला हात लावला, कणकण आहे म्हणालो, तापाची गोळी दिली आणि पांघरूण घातलं. सकाळी बघू. सकाळी अण्णांना उभं राहता येईना. जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमोने तळाला गेल्या होत्या आणि जंतू रक्तात पसरले होते. सोळा दिवसांनी ते घरी आले. ताप आला तर तडक दवाखान्यात या, असं त्यांच्या फाइलमधल्या एका कागदावर छापलेलं होतं. इंग्रजीत. तो कागद आम्हाला कुणी वाचून दाखवला नाही, आणि त्यात काय लिहिलंय हे आम्हीही कुणाला विचारलं नाही.

म्हणून आत्याची वेळ आली तेव्हा मी कॅमेरा घेऊन आले. उद्या गुरुवारी तिचा पहिला डोस आहे.

(दृश्य : सोयाबीनचं पिवळं पडलेलं रान. लांबवर गोठा.)

आत्याचं गाव बार्शीपासून २७ किलोमीटरवर. सोयाबीन काढणीला आलंय, मजूर मिळत नाहीत. आत्याचं वय ५४. डाव्या स्तनात गाठ. डॉक्टरांनी ठरवलंय, आधी केमो, गाठ आकसली की ऑपरेशन.

हा भाग कॅन्सरला नवखा नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायका एका मोठ्या अभ्यासात सामील झाल्या होत्या. हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येऊ शकतात, हे २००९ साली जगाला कळलं ते या बायकांमुळे. त्यांच्या शेजारच्या आमच्या गावात 'केमो' हा शब्द अजून दार लोटून बोलतात.

(दृश्य : वजनकाटा. त्यावर आत्याची पावलं, जोडव्यांसकट.)

मागचा आठवडा तपासण्यांत गेला. कशासाठी काय चाललंय हे कळलं की हेलपाटे सोसवतात, म्हणून सांगते.

वजन ५२ किलो, उंची १५० सेंटिमीटर. या दोन आकड्यांवरून अंगाचं क्षेत्रफळ काढतात, आत्याचं आलं १.४७ चौरस मीटर. औषध त्या मापाने ठरतं. तिच्या पहिल्या औषधाचा हिशोब चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ८८ मिलिग्रॅम. दुसऱ्याचा ६००, म्हणजे ८८० च्या आसपास. आत्याला हे लगेच पटलं. खताची मात्रासुद्धा रान किती गुंठे त्यावर ठरते, म्हणाली.

टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, कारण यातलं एक औषध हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकतं. हृदय आज किती जोराने पंप करतंय ते आधी बघून ठेवावं लागतं. रक्तात पेशी किती आहेत, यकृत आणि मूत्रपिंड नीट चालतंय का, ते तपासलं. कावीळ 'बी'ची तपासणीही केली. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून असू शकतो आणि केमोने प्रतिकारशक्ती उतरली की उसळतो.

आणि दात. दाताच्या डॉक्टरकडे जायला आत्या तयार नव्हती. छातीच्या दुखण्यात दाताचं काय? पण केमोत तोंडाची आतली कातडी हुळहुळी होते, फोड येतात, आणि किडलेला दात हे जंतूंचं उघडं दार. दाताचं जे काही करायचं ते पहिल्या डोसाआधी. तिथे डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि विचारलं, "मावशी, मिसरी किती वेळा?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली.

चाळीस वर्षांची सवय आहे. पहाटे चुलीपुढे बसून तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरून डबीत भरायची. ही डबी तिच्या कमरेला कायम खोचलेली. त्या दिवशी घरी आल्यावर तिने डबी उघडली, वास घेतला आणि परसात नेऊन उपडी केली. कुणी काही बोललं नाही. मी कॅमेरा बंद ठेवला होता. आता तिच्याकडे मऊ ब्रश आहे, आणि खायचा सोडा नि मीठ घातलेल्या पाण्याची बाटली. दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चूळ भरायची.

(दृश्य : तुळशीवृंदावन. शेजारी सदाफुलीचं झाड, गुलाबी फुलं.)

काल शेजारच्या काकू सदाफुलीची पानं घेऊन आल्या. रोज पाच पानं चावून खा, कॅन्सर जातो. काकूंच्या मायेबद्दल शंका नाही, आणि त्यांनी ऐकलेल्या गोष्टीत खरंही आहे. विंक्रिस्टीन आणि विंब्लास्टीन ही केमोची दोन मोठी औषधं सदाफुलीतूनच निघाली, रक्ताच्या कॅन्सरच्या कितीतरी मुलांना त्यांनी वाचवलं. पण टनावारी पाल्यातून ते औषध जेमतेम काही ग्रॅम निघतं, आणि मिलिग्रॅमभर इकडेतिकडे झालं तरी घात होतो. पानात किती आहे ते कोण मोजणार? त्यात केमोची औषधं पचवायचं ओझं यकृतावर असतं. त्याच वेळी काढा, चूर्ण, पाला त्याच्यावर लादला तर काय होईल सांगता येत नाही. जे काही घ्यायचंय, घरात चालू असलेली बीपीची गोळीसुद्धा, ते डॉक्टरांना दाखवून घ्यायचं. आत्याने पानं घेतली, काकूंना चहा दिला, आणि त्या गेल्यावर पानं तुळशीपाशी ठेवली.

उद्या तिच्या शिरेत जाणारं लाल औषधही असंच कुठून तरी उगवलेलं आहे. डॉक्सोरुबिसिन, जुनं नाव अॅड्रियामायसिन. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या घराण्यातून ते मिळालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला नाव पडलं. मातीतनं आलंय म्हटल्यावर आत्या जरा सैल झाली.

(दृश्य : रात्र. ट्यूबलाइटखाली पसरलेलं सामान.)

पिशवी भरली. फाइल, सगळे रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी हे लागतात. मूळ प्रती आणि झेरॉक्स, दोन्ही. पातळ चादर, कारण तिथे एसी असतो आणि तासन्‌तास हलायचं नसतं. पाण्याची मोठी बाटली. डबा.

गुरुवारचा तिचा उपवास असतो. तो उद्या नाही. केमोला रिकाम्या पोटी जायचं नाही, हे तिला तीनदा सांगावं लागलं. सकाळी उपमा, नाहीतर दूध-भाकरी. हलकं, पण पोटात काहीतरी हवं.

मग तिने उद्याचा ब्लाउज काढला. आमच्याकडे ब्लाउजची बाही दंडाला घट्ट शिवतात. तिने चष्मा लावला, ब्लेडने उजव्या बाहीची आतली शिवण उसवली आणि बाही वर सरकते का ते ओढून पाहिलं. सुई उजव्या हातात बसणार. गाठ डावीकडे, पुढे ऑपरेशनही तिकडे, म्हणून तो हात मोकळा ठेवायचा. बाही उसवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टरला त्रास नको, म्हणून तिचं तिनेच ठरवलं.

बाही झाली, बांगड्या राहिल्या. हात सुजला तर बांगडी रुतेल, अंगठी अडकेल, म्हणून उजव्या हातातलं सगळं काढून या, असं सांगितलं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या. नवरा असताना हात मोकळा करायचा, ही गोष्ट तिच्या जिभेवरसुद्धा येईना. शेवटी मामा, म्हणजे तिचे यजमान, उठले. साबणाचं पाणी आणलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी न फोडता उतरवली. सात. सातही वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या. "डोस संपला की मीच भरीन," एवढंच म्हणाले.

केसांबद्दल सगळे विचारतात. या औषधांनी ते जातात, साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात होते, आणि उपचार संपले की परत येतात. आत्याने वेणी आधी कापायची नाही असं ठरवलंय. तिची वेणी, तिचा निर्णय.

(दृश्य : भिंतीवर डकवलेला कागद. मोठ्या मराठी अक्षरांत फोन नंबर.)

माझ्या मते खरी तयारी या कागदावर आहे. सगळ्या घराचं लक्ष उद्याच्या सुईकडे आहे, पण उद्या आजूबाजूला डॉक्टर असतील, सिस्टर असतील. आत्याला सांभाळायचं आहे ते सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत, साधारण त्याच काळात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा ती इथे असेल, दवाखान्यापासून २७ किलोमीटरवर.

म्हणून कागदावर पहिली ओळ : ताप १००.४ किंवा जास्त, तर लगेच फोन, लगेच निघायचं. रात्र असली तरी. आपल्या मनाने तापाची गोळी द्यायची नाही, कारण गोळीने ताप झाकतो आणि जंतू वाढत राहतात. दुसरी ओळ हॉस्पिटलचा नंबर. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला : रात्री दोनला गाडी कुणाची? मामांनी दोन घरं पालथी घातली. आता दोघांच्या जीपचे नंबर आहेत. एक गावाला गेला तर दुसरा.

गोठाही सुटला. शेण काढणं, धारा काढणं आता सुनेकडे. शेणामातीत जंतू असतात, पेशी कमी असताना तिथे हात घालायचा नाही. म्हशी सुनेला दूध देतील का, याची आत्याला कॅन्सरपेक्षा जास्त काळजी. आणि भेटायला येणारे. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं हे नातं टिकवणं असतं, कुणाला येऊ नका म्हणणं जड जातं. तरी सांगितलंय : सर्दी-खोकला असेल तर फोनवर बोला.

(दृश्य : गुरुवार. डे-केअर वॉर्ड. खुर्च्यांची रांग.)

साडेनऊला सुई बसली. एकदाच टोचलं. आधी सलाइन, त्यातून उलटीची आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं. अर्ध्या तासाने सिस्टर हातमोजे, मास्क, एप्रन घालून आल्या. हातात लाल भरलेली सिरिंज. आत्याने डोळे मिटले, मग पुन्हा उघडले.

सिस्टर शेजारी बसल्या आणि चालू सलाइनमध्ये ते लाल औषध हळूहळू सोडायला लागल्या. "मावशी, हाताला जळजळ झाली, टोचलं, काहीही वाटलं तर लगेच बोलायचं. सहन करायचं नाही." हे औषध शिरेबाहेर पाझरलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. आयुष्यभर सहन कर असं ऐकलेल्या बाईला एक मुलगी सांगत होती, सहन करू नका. आत्या दर मिनिटाला "काय न्हाय, काय न्हाय" म्हणत राहिली. सिस्टर पुढे म्हणाल्या, "आज-उद्या लघवी लाल होईल. रक्त नाही ते, औषधाचा रंग आहे." हे एक वाक्य आधी कळलं नसतं, तर त्या रात्री घरात काय झालं असतं!

मग दुसरं औषध, पाण्यासारखं, तासाभरात ठिबकून संपलं. भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही. घरी दोन दिवस संडासात दोनदा बादलीभर पाणी ओतायचं, तिचे कपडे वेगळे धुवायचे. एका ताटात जेवलं तरी चालतं, नातवाला मांडीवर घेतलं तरी चालतं. कॅन्सर लागत नाही.

उलटीच्या गोळ्या घड्याळ लावून घ्यायच्या, मळमळ व्हायची वाट बघायची नाही. रात्रीची एक गोळी गुंगी आणणारी, ओलान्झापिन. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीत १० ऐवजी २.५ मिलिग्रॅमनेही तेवढंच काम होतं आणि गुंगी कमी येते असं दिसलं. २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. आत्याच्या चिठ्ठीवर २.५ लिहिलंय.

दीड वाजता सुई निघाली. फाइलवर पुढची तारीख पडली, २१ दिवसांनी. आत्याने बोटांवर मोजलं. "तवर सोयाबीन घरात आल्यालं आसंल."

(दृश्य : स्वयंपाकघराची भिंत. कालनिर्णय.)

या कालनिर्णयावर आत्या रोजचं दूध लिहिते. सकाळ किती, संध्याकाळ किती. गुरुवारपासून प्रत्येक चौकोनात आणखी एक आकडा आला. सातवा दिवस, ९८.२. आठवा, ९८.६. नववा, ९८.४.

दहाव्या दिवशी रात्री नऊला ती हळूच म्हणाली, अंग मोडून येतंय. मी नकळत तिच्या कपाळाकडे हात नेला. तिने तो बाजूला केला आणि थर्मामीटर मागितला.

९९.५.

मामांनी फोन लावला. हॉस्पिटलमधून सांगितलं, तासाने परत बघा, १००.४ झाला किंवा वर गेला तर निघा, गोळी देऊ नका. जीपवाला चपला घालूनच ओट्यावर येऊन बसला. सुनेने फाइल पिशवीत भरली. दहा वाजता ९९.३. अकराला ९९. बाराला ९८.८. जीपवाल्याला चहा दिला, तो तरी साडेबारापर्यंत उठला नाही.

मग आत्याने पेन्सिल घेतली. सकाळ साडेतीन लिटर, संध्याकाळ तीन. खाली, ९८.८.