उलंगवाडीनंतरची पऱ्हाटी

फरदडीची, म्हणजे हंगामानंतरही राखलेल्या कपाशीची, वेचणी आटोपली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या वावरांत कपाशीची उलंगवाडी होते, हंगाम संपतो. मग चिमट्यानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी वाळलेली झाडं, उपटायची, धुऱ्यावर ढीग घालायचे. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला. बाकीची पेटवून देतात.

पेटवतात ते नाइलाजानं. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, आणि २०१७ साली तिनं कपाशीचं काय वाटोळं केलं ते इथलं एकही घर विसरलेलं नाही.

पण जळतं काय? एकरी साधारण एक टन पऱ्हाटी. वाळलेल्या किलोभर काडीत चार हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. आपल्या वीजकेंद्रांतला कोळसाही जवळपास तेवढीच देतो, वर तिसरा हिस्सा राख मागं ठेवतो. शिवाय कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. पऱ्हाटीतला याच हंगामात झाडानं हवेतून घेतला. काडी गोळा करून वाहून नेण्याच्या डिझेलचा हिशेब धरूनही हा फरक मोठा आहे. आणि सौर विजेला ऊन लागतं, गंजीतली काडी ऊन नसलं तरी जळते.

अडचण वाहतुकीची. ट्रॉली शिगोशीग भरते, वजन भरत नाही. म्हणून गावाजवळच भुगा करून, दाबून पेलेट, म्हणजे घट्ट कांड्या, करावे लागतात; त्या भुग्यात अळीही मरते. सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रानं यावर काम केलं आहे. कोळशात पाच टक्के बायोमास, म्हणजे असा काडीकचरा, मिसळण्याचं बंधन केंद्र सरकारनं वीजकेंद्रांवर २०२४-२५ पासून घातलं.

तरीही सगळी पऱ्हाटी वीजकेंद्रात घालणं मला पटत नाही. २९२० मेगावॅटचं चंद्रपूर केंद्र पूर्ण क्षमतेनं चालवायला दिवसाला चाळीस हजारांवर टन कोळसा लागतो. म्हणजे चाळीस हजार एकरांची पऱ्हाटी एका दिवसात संपेल! वीज उन्हातूनही मिळते. कारखान्याच्या बॉयलरला लागणारी वाफ, धान्य वाळवायची धग उन्हातून चोवीस तास मिळवणं अवघड. पऱ्हाटी तिथं लागावी. काही भाग कमी हवेत भाजून बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, करावा. तो मातीत घातला तर त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं तिथंच राहतो, आणि आपल्या हलक्या जमिनींत ओलही टिकते.

हे सगळं उपटणाऱ्या, गोळा करणाऱ्या हातांच्या मजुरीवर अडतं. क्विंटलचा भाव उलंगवाडीच्या आधी गावात जाहीर झाला पाहिजे, आणि भुगा करायचं मशीन आगपेटीची काडी ओढायच्या आत बांधावर आलं पाहिजे.